पट्टा बदलल्यानंतरही इंजिन तापते आणि बॅटरीही उतरते : दोष एक की दोन?

संथचालक (प्रश्न)

नमस्कार. गाडीच्या दोन तक्रारी सध्या सोबतच चालू आहेत. त्यांचे मूळ एकच आहे की दोन निरनिराळे दोष योगायोगाने एकत्र आले आहेत, याचा मला उलगडा होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची असून इंजिन आडवे बसवलेले आहे. अल्टरनेटर (वीज तयार करून बॅटरी भरणारा), वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा) आणि एसीचा कॉम्प्रेसर ही तिन्ही यंत्रे एकाच लांब, खाचांच्या पट्ट्यावर फिरतात. पॉवर स्टिअरिंग मात्र विजेवर चालते. पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या रस्त्यावर चांगल्या वेगात असताना बोनेटखाली ओला टॉवेल आपटावा तसा आवाज तीन-चार वेळा झाला आणि लगेच बॅटरीचा लाल दिवा लागला. चार्जिंग बंद पडले असेल, बॅटरीवर घरापर्यंत निभेल, असा हिशेब करून मी गाडी तशीच पुढे काढली. अंदाजे ४ किलोमीटरनंतर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेलेला दिसला. तोवर बोनेटच्या कडेने वाफही येऊ लागली होती. तिथे इंजिन बंद केले. अर्ध्या तासाने बोनेट उघडले, तेव्हा पट्ट्याचा एक तुकडा खालच्या प्लास्टिकच्या आवरणावर पडला होता आणि बाकीच्याचे दोरे सुटून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीभोवती गुंडाळले गेले होते.

गॅरेजमध्ये नवा पट्टा बसवला गेला, त्यासाठी त्या बाजूचा इंजिन माउंट (इंजिनाला बॉडीवर धरणारा रबरी आधार) उतरवावा लागला, वरच्या टाकीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) भरले गेले आणि गाडी परत मिळाली. तेव्हापासून असे होते : गर्दीत गाडी उभी राहिली की काटा मध्याच्या वर चढतो आणि थोड्या वेळाने एकाएकी खाली येतो, हीटर लावला तर हवा कधी कोमट, कधी थंडगार येते. सकाळी स्टार्टर कण्हत फिरतो. बॅटरीचा दिवा मात्र विझलेला असतो, आणि दिवसा काहीही चालू नसताना मी मल्टिमीटर लावला तर इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट दिसले. आणखी एक गोष्ट मला चमत्कारिक वाटते : रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावले की तापमानाचा काटा थोडा वर सरकतो.

गॅरेजचे म्हणणे असे की अल्टरनेटर “जोर धरत नाही” आणि रेडिएटर चोंदला आहे, तेव्हा दोन्ही बदलून टाकावेत. हा खर्च करण्यापूर्वी मला स्वतःला काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे आणि पाने-स्क्रू ड्रायव्हर हाताळण्याची थोडी सवय आहे.


तेलकट बाह्या

दोन्ही वस्तू आत्ता बदलू नका. पट्टा तुटण्याच्या आदल्या दिवशी रेडिएटर ठीक होता आणि अल्टरनेटरही ठीक होता, मग त्या एका घटनेत दोघांचे एकदमच आयुष्य कसे संपले, हा प्रश्न आधी विचारायला हवा. अर्थात अशा घटनेत जवळच्या वस्तूंना इजा होतेच, पण ती डोळ्यांनी आणि मीटरने शोधता येते. तोवर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका. लाल पट्टीत ४ किलोमीटर चाललेल्या इंजिनाला आणखी एकदा तापवणे परवडणारे नाही.

सुरुवात पट्ट्यापासूनच करा. जुना पट्टा का तुटला, याबद्दल तुमच्या लिखाणात एक अक्षर नाही, म्हणजे गॅरेजमध्येही बहुधा कोणी विचारले नसावे. पट्टा निव्वळ म्हातारपणाने तुटतो, पण तितक्याच वेळा एखाद्या रोलरचे बेअरिंग जाम झाल्याने, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) तिरपा झाल्याने, क्रँकच्या पुलीतील रबराचा थर सुटून बाहेरील कडा डगमगू लागल्याने, किंवा वॉटर पंपातून झिरपलेले कूलंट पट्ट्यावर पडत राहिल्यानेही तुटतो. इंजिन थंड असताना पट्टा सैल करून उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगले बेअरिंग गुळगुळीत, बिनआवाजाचे आणि किंचित जड फिरते. बिघडलेले एकतर वाळू भरल्यासारखे खरखरते, नाहीतर आत ग्रीसच न उरल्यामुळे भिंगरीसारखे मोकळे गरगरते. पुलीला पुढे-मागे हलवून ढिलाईही पाहा. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. तिथे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी सुकलेला ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले आहे असे समजा.

मग नव्या पट्ट्याची वाट पाहा. बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत आकृती असते, ती समोर ठेवून प्रत्येक वळण ताडून घ्या. साधा नियम असा की खाचांच्या पुलीवर पट्ट्याची खाचांची बाजू बसते आणि सपाट पुलीवर त्याची पाठ. अनेक रचनांत वॉटर पंप पट्ट्याच्या पाठीवर फिरतो. पट्टा चुकीच्या बाजूने नेला तर पंप उलटा फिरतो, आणि मग पाणी थोडेफार हलले तरी पुरेसे वाहत नाही. यातली गंमत अशी की अल्टरनेटर उलटा फिरवला तरी वीज देतोच, कारण त्याच्या आत मुळात उलटसुलट प्रवाह तयार होतो आणि डायोड त्याला एका दिशेला लावतात. म्हणून बॅटरीचा दिवा विझला म्हणजे पट्टा बरोबर बसला, हा निष्कर्ष काढता येत नाही. पट्टा एक खाच सरकून बसलेला नाही ना, हेही वाकून, टॉर्चच्या उजेडात, प्रत्येक पुलीवर पाहा. तसा बसला असेल तर त्याची कड काही दिवसांतच दोरे सोडू लागते. पट्ट्यावर ६पीके अशी खूण आणि पुढे चार आकडे असतील : ६ खाचा, आणि पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. तो आकडा पुस्तिकेशी जुळतो का, ते बघा.

आता तापण्याविषयी. तुम्ही सांगितलेली लक्षणे, म्हणजे काट्याची वर-खाली उडी आणि हीटरची कधी गरम कधी थंड हवा, ही मला आत अडकलेल्या हवेची वाटतात. इंजिन उकळले तेव्हा बरेच कूलंट वाफ होऊन निघून गेले. नंतर केवळ टाकीत ओतलेले द्रव इंजिनाच्या वरच्या पोकळीपर्यंत आणि हीटरच्या नळ्यांपर्यंत पोहोचलेच नसेल. हीटर ही सगळ्यात उंचावरची आणि शेवटची वाट, म्हणून हवा तिथे जाऊन बसते. तापमानाचा सेन्सर अशा हवेच्या किंवा वाफेच्या पोकळीत सापडला तर तो खरे तापमान दाखवीतच नाही. इंजिन आत उकळत असताना काटा खाली दिसणे हा त्यातला सर्वांत धोकादायक प्रकार, आणि तुमचा काटा “एकाएकी खाली येतो” हे वाचून मला आनंद न होता काळजी वाटली.

हवा काढण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभे राहिलेले असावे. गरम असताना झाकण उघडू नका : आतील दाब वातावरणापेक्षा साधारण १ बार अधिक असतो, त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत द्रव राहते, आणि झाकण सुटताक्षणी ते वाफ होऊन अंगावर येते. गाडीचे तोंड थोडे चढावर येईल अशी उभी करा, हीटरचे तापमान सर्वाधिक ठेवा, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे कूलंट झाकणापर्यंत भरा आणि हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातात धरून बघा. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तोवर होज कोमट राहतो आणि मग थोड्याच वेळात हात ठेववत नाही इतका गरम होतो. पुढे पंखा स्वतःहून सुरू होऊन स्वतःहून बंद व्हायला हवा, आणि हीटरची हवा सलग कडक गरम यायला हवी. किती कूलंट मावले, ते मोजून इथे लिहा.

वरचा होज तापतो आणि रेडिएटरचा खालचा होज गारच राहतो, असे आढळले तर थर्मोस्टॅट बदलणे हा सर्वांत स्वस्त पहिला उपाय. अतितापलेल्या थर्मोस्टॅटमधील मेणाची डबी बिघडू शकते. रेडिएटरचा विचार त्यानंतर.


अँपिअर

पाण्याची बाजू वर नीट आली आहे, मी विजेचे लिहितो.

पहिली गोष्ट, मोजमाप करण्यापूर्वी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्या. पट्टा तुटल्यानंतरचा सगळा भार, म्हणजे इंधन पंप, इग्निशन, रेडिएटरचा पंखा, विजेचे स्टिअरिंग, एकट्या बॅटरीवर पडला होता. रिकाम्या बॅटरीला अल्टरनेटरच्या भरवशावर सोडले तर तो बराच काळ पूर्ण क्षमतेने राबून तापतो, आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो. इंजिन बंद करून काही तास शांत ठेवलेल्या बॅटरीवर १२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. भरल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा १२.३ वर आली असेल तर बॅटरीच गेली असावी, किंवा काहीतरी रात्रभर वीज खात असावे.

तुमची १३.८ ही नोंद मला फारसे काही सांगत नाही, कारण ती बिनभाराची आहे. पाण्याच्या नळीत पिळा पडला असेल तर बारीक धार चालू असताना तो कळत नाही. नळ पूर्ण सोडला की कळतो. विजेच्या जोडातला दोषही तसाच असतो. म्हणून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू ठेवून, इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास धरून, पुढील चार आकडे घ्या. आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांमध्ये. दुसरा अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेचा बोल्ट आणि अल्टरनेटरचे उघडे धातूचे अंग यांमध्ये. तिसरा त्याच बोल्टपासून बॅटरीच्या अधिक टोकापर्यंत. चौथा अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या वजा टोकापर्यंत. शेवटचे दोन आकडे म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट. अधिक बाजूला ०.३ पेक्षा कमी आणि अर्थच्या (वजा टोकाकडच्या) बाजूला ०.२ पेक्षा कमी यायला हवेत. मीटरची सळई तारेच्या क्लॅम्पवर टेकवू नका, बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवा, नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मोजणीतून निसटतो. सैल बाह्या आणि मीटरच्या तारा नव्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा.

अल्टरनेटरवरच भाराखाली १३.५ पेक्षा कमी येत असेल तर त्याच्यावर संशय घेणे रास्त आहे. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त लहर दिसली तर एखादा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी, आणि असा डायोड रात्री बॅटरीही गळती लावून रिकामी करतो. काही अल्टरनेटरांच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारी क्लच असते. ती निकामी झाली की पट्टा आणि पुली झकास फिरतात, आतला रोटर मात्र फिरतच नाही किंवा अधूनमधून घसरतो. बाहेरून काहीच कळत नाही. याउलट अल्टरनेटरवर १४ च्या वर आणि बॅटरीवर खूपच कमी, असे आढळले तर अल्टरनेटर निर्दोष समजा आणि मधली वाट शोधा : मोठा फ्यूज, जाड तार, किंवा अर्थ.

एक विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून “अल्टरनेटर चालतो का” हे पाहण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर मुळीच करू देऊ नका. बॅटरी हा त्या व्यवस्थेतला धक्के पचवणारा घटक आहे. ती काढताच व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते आणि रेग्युलेटर, डायोड किंवा इंजिनचा संगणक यांपैकी काहीतरी जळते.

आणि तुमच्या प्रश्नातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही “चमत्कारिक” म्हणून शेवटी टाकले आहे. इंजिनात कित्येक किलो धातू आणि काही लिटर पाणी असते. हेडलाइटचे बटण दाबताच त्याचे तापमान बदलू शकत नाही. मग काटा कोणाच्या सांगण्यावरून हलतो?


संथचालक

दोघांचेही आभार. दोन दिवस लागले, पण सांगितल्याप्रमाणे सगळे केले.

पट्ट्याची वाट आकृतीप्रमाणेच आहे, सहाही खाचा प्रत्येक पुलीवर जागेवर आहेत आणि लांबीचा आकडा जुळतो. थंड इंजिनात हवा काढत काढत जवळजवळ दीड लिटर कूलंट मावले. स्क्रूमधून आधी नुसता फुसकारा, मग फेस, आणि बऱ्याच वेळाने सलग धार आली. आता हीटरची हवा सतत गरम येते, पंखा ठरावीक वेळी सुरू होऊन बंद होतो आणि उभ्या गाडीत काट्याची उडी थांबली आहे. हेडलाइट लावल्यावर मात्र काटा अजूनही सुमारे एक रेघ वर जातो आणि बंद केल्यावर लगेच परत येतो.

बॅटरी सकाळी १२.१ होती. चार्जरवर रात्रभर ठेवून, मग पाच तास तशीच सोडून मोजली तर नेमके १२.६ आले. भाराखालचे आकडे असे : बॅटरीवर १२.९, अल्टरनेटरवर १४.३, अधिक बाजूला ०.१२ आणि अर्थच्या बाजूला १.२८. शेवटचा आकडा मी तीनदा घेतला. अल्टरनेटर उत्तम वीज देतो आणि बॅटरीला ती मिळत नाही, असाच याचा अर्थ ना?


अँपिअर

होय. १२.९, ०.१२ आणि १.२८ यांची बेरीज १४.३ होते, म्हणजे तुमचे चारही आकडे एकमेकांची साक्ष देतात आणि मोजण्यात चूक नाही. अधिक बाजूची तार आणि फ्यूज चांगले आहेत. अल्टरनेटर बदलला असता तर नवाही इतकेच व्होल्ट वाटेत गमावत बसला असता.

तुमच्या गाडीत बॅटरीचे वजा टोक बॉडीला जोडलेले असणार, आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत एक वेगळी अर्थ पट्टी असणार. इंजिन रबराच्या माउंटवर बसते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा खरा संबंध त्या एका पट्टीनेच येतो. भार ४० अँपिअर धरला तर १.२८ व्होल्टच्या हिशेबाने त्या जोडात ५० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते आहे. भार देऊन पाच मिनिटे इंजिन चालवा, बंद करा आणि जोडाला जपून बोट लावा. तो शेजारच्या धातूपेक्षा गरम लागेल. सकाळी स्टार्टर कण्हतो तोही याचमुळे, कारण स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह त्याच वाटेने परततो. पट्टी फारच खराब असेल तर तो गिअरच्या किंवा क्लचच्या केबलीतूनही वाट काढतो आणि त्या तापतात.

काट्याचे कोडेही इथेच सुटते. एका तारेच्या सेन्सरचा अर्थ इंजिनाच्या धातूतून मिळतो आणि काट्याचा अर्थ बॉडीतून. भार वाढला की बॉडीतून अल्टरनेटरकडे परतणारा प्रवाह त्या खराब पट्टीत व्होल्ट गमावतो, इंजिन बॉडीच्या तुलनेत १ व्होल्टहून अधिक खाली जाते, सेन्सरच्या तारेतून प्रवाह वाढतो आणि काटा त्याला “अधिक गरम” असे वाचतो. ज्या गाड्यांत काटा संगणकाकडून चालतो, तिथे ही खूण मिळत नाही. तुमच्या गाडीत ती फुकट मिळाली आहे.

इंजिन माउंट उतरवला होता, असे तुम्ही लिहिले आहे. पट्टीचे एक टोक त्याच्याच बोल्टखाली असते का, ते पाहा.


गास्केटग्रस्त

वरील दोघांशी मी सहमत आहे, पण उत्साहात एक गोष्ट मागे पडू नये, म्हणून लिहितो. मी स्वतः अशाच प्रसंगात हवा काढून समाधानी झालो होतो आणि तीन महिन्यांनी हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागले.

लाल पट्टीत चाललेल्या अॅल्युमिनियमच्या हेडला वाकण्यासाठी फार मोठे अंतर लागत नाही. हेड गास्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारा पातळ थर) सूक्ष्म प्रमाणात फुटले असेल तर आतील जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो, पुन्हा हवा साठते आणि पुन्हा तीच लक्षणे दिसू लागतात. म्हणजे तुम्ही काढलेली हवा ही त्या दिवशीच्या उकळण्याची शिल्लक होती की रोज नव्याने येते आहे, हे ठरवायचे बाकी आहे. सकाळी थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहा आणि वरचा होज दाबून पाहा. तो मऊ असायला हवा. इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांत, म्हणजे पाणी तापण्याच्या कितीतरी आधी, तो दगडासारखा कडक झाला तर दाब उष्णतेचा नसून सिलिंडरमधला आहे. सुरू झाल्यावर पहिले अर्धे मिनिट एक सिलिंडर अडखळतो आणि मग सुरळीत होतो, हीही एक खूण असते, कारण रात्रभरात थेंबभर कूलंट आत झिरपलेले असते. धुराड्यातून पहाटे थोडी वाफ येणे नैसर्गिक आहे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर ते नैसर्गिक नाही. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तिच्याकडेही लक्ष द्या, मात्र छोट्या छोट्या अंतरांसाठी वापरलेल्या गाडीत ती निव्वळ दमटपणानेही जमते.

यांपैकी काहीही दिसले नाही तरी रसायनाची चाचणी एकदा करून घ्या. टाकीच्या तोंडावर एक नळकांडे ठेवून आतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. पाच-दहा मिनिटांचे काम आहे आणि हेड न उघडता मिळणारे याहून स्पष्ट उत्तर दुसरे नाही.

आणखी एक. क्रँकच्या पुलीभोवती दोरे गुंडाळले गेले होते, असे तुम्ही लिहिले आहे. ते सगळे निघाले का? ही दोरी पुलीच्या मागे शिरून क्रँकचे तेलाचे सील कापते, आणि टायमिंग बेल्टच्या (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या आतल्या पट्ट्याच्या) आवरणाखाली घुसली तर टायमिंग बेल्टलाच दात सरकवायला लावते. तसे झाले तर आज चर्चेत असलेले सगळे दोष किरकोळ वाटतील.


संथचालक

आज सकाळपासून दुपारपर्यंत गाडीखाली होतो.

अर्थ पट्टी माउंटच्याच बोल्टखाली होती. तांब्याच्या तारांची वेणी घातल्यासारखी ती चपटी पट्टी आहे. तिच्या जवळजवळ निम्म्या तारा तुटून पिसारल्या होत्या आणि उरलेल्या तारांवर काळ्या रबराचे फटकारे उमटलेले होते, म्हणजे तुटलेल्या पट्ट्याने जाता जाता तिलाच झोडपले असावे. वरून माउंट परत बसवताना तिचे कडे रंगवलेल्या पत्र्यावर ठेवले गेले होते आणि तो बोल्ट मला बोटांनी पाव फेरा फिरवता आला. नवी, थोडी जाड पट्टी घेतली, पत्र्याचा रंग चकाकी येईपर्यंत घासला, जोड घट्ट आवळला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. त्याच भाराखाली अर्थच्या बाजूला आता ०.०६ आणि बॅटरीवर १४.१ येतात. हेडलाइट लावले, बंद केले, पुन्हा लावले. काटा जागचा हलत नाही. स्टार्टर पहिल्या झटक्यात फिरतो.

निळा द्रव निळाच राहिला. दुसऱ्या गॅरेजमध्ये, माझ्यासमोर, इंजिन गरम आणि फेऱ्या वाढवून दहा मिनिटे पाहिले. थंड इंजिन सुरू केल्यावर होज मऊच असतो आणि दोन सकाळी पातळीही हललेली नाही.

क्रँकच्या पुलीमागे आरसा धरून पाहिले तर एक दोरा दिसला. चिमट्याने ओढला, तो निघतच राहिला आणि शेवटी वीतभर लांबीचा हातात आला. सीलजवळ तेलाचा ओलावा नाही. टायमिंगचे वरचे आवरण काढून बेल्ट दिसेल तेवढा पाहिला. त्याच्या कडा स्वच्छ आहेत.

आणि तेलकट बाह्या, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर : पट्टा उतरवून सगळ्या पुली फिरवल्या. वॉटर पंप, अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर गुळगुळीत आहेत. सपाट आयडलर रोलर (पट्ट्याला नुसते वळण देणारा) मात्र एका जागी अडतो, मग सुटतो, मग पुन्हा त्याच जागी अडतो, आणि त्याच्या मधल्या भागाचा धातू तापून निळसर झालेला आहे. नव्या पट्ट्याच्या पाठीवर पंधरा दिवसांतच त्या रोलरएवढा चकचकीत पट्टा उमटला आहे.


तेलकट बाह्या

तोच दोषी. रोलर बदलताना टेन्शनरही बदलून टाका, दोघांचे आयुष्य सारखेच झालेले असते. पाठ चकाकलेला पट्टा पुन्हा वापरण्याचा मोह होईल. कडेचे दोरे सुटले नसतील आणि खाचा स्वच्छ असतील तर तो चालेल, पण पुढच्या महिनाभरात दोनदा टॉर्च घेऊन त्याच्या कडा पाहा आणि जुना पट्टा तोवर फेकू नका, लांबी मोजायला उपयोगी पडतो. कूलंटची पातळी आठवडाभर रोज सकाळी बघा, कारण हवेचा शेवटचा बुडबुडा कधीकधी तीन-चार वेळा इंजिन तापून निवल्यावरच बाहेर पडतो आणि पातळी बोटभर उतरते. तेवढी भरून घ्या. त्यापेक्षा जास्त उतरली तर पुन्हा लिहा. रेडिएटर आहे तोच राहू द्या.